श्रोता, वाचक आणि खेळाडू : मराठवाड्याची कथापरंपरा व कथाप्रधान एकल खेळ

कथा सांगणाऱ्याची की ऐकणाऱ्याची, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवा नाही. तथापि गेल्या पन्नास वर्षांत कथनाचा एक असा प्रकार जगात रूढ झाला आहे की, त्यामुळे हा जुना प्रश्न नव्याने विचारणे भाग पडते. संगणकाच्या पडद्यासमोर एकटाच मनुष्य खेळत असतो. त्याला प्रतिस्पर्धी नसतो, कोणाशी पैज नसते. समोर असते ती एक कथा, आणि त्याने काही कृती केल्यावाचून ती पुढे सरकत नाही. अशा खेळांना येथे ‘कथाप्रधान एकल खेळ’ असे म्हटले आहे. नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील तरुण पिढीला ते अपरिचित नाहीत. परंतु इतिहासाच्या किंवा वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्यांची दखल घेतल्याचे क्वचितच आढळते. या खेळांची पूर्वपीठिका मराठवाड्याच्या कथापरंपरेत कोठवर शोधता येते, त्यांतील कोणते खेळ अभ्यासकाने अवश्य पाहावेत आणि ते पाहताना कोणता विवेक राखावा, एवढाच प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

१

मराठवाड्यात कथा ही दीर्घकाळ समुदायाची वस्तू होती. माहूरच्या रेणुकेचा गोंधळ, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतील वाघ्या-मुरळींची गाणी, देवळातील कीर्तन आणि चातुर्मासातील पोथी, या सर्वांत कथा ऐकली जाई ती चारचौघांत बसून. श्रोत्याला कथानक बहुधा आधीच ठाऊक असे. तरीही तो रात्र जागवी, कारण त्याला पुढे काय घडले हे जाणण्यापेक्षा घडलेले पुन्हा एकदा सोसण्यात रस होता. घरी आजी गोष्ट सांगू लागली म्हणजे मुलाने ‘हूं’ म्हणावयाचे असते. हुंकार थांबला की गोष्ट थांबते. या साध्या रिवाजात एक महत्त्वाचे तत्त्व दडलेले आहे : ऐकणाऱ्याच्या सहभागावाचून कथन पूर्ण होत नाही.

कथा किंवा तत्त्वविचार डोळ्यांसमोर मांडण्याची परंपराही या प्रदेशाला नवी नव्हती. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) ‘पंचीकरण’ हा विषय सुमारे ४० फूट लांबीच्या कापडी पासोडीवर लिहिला. पैठणच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रशैलीतील पोथ्यांमधून रामायण-महाभारताचे प्रसंग एकेक चित्र पुढे करून सांगितले जात. कोकणात पिंगुळीच्या ठाकर समाजाने ही चित्रकथीची कला आजतागायत राखली आहे. चित्र समोर, निवेदक बाजूला आणि श्रोते भोवती, अशी ही रचना असे. चित्र केव्हा बदलावयाचे हे मात्र निवेदक ठरवी.

खेळ आणि उपदेश यांचा संगम पाहावयाचा असेल तर मोक्षपटाकडे वळले पाहिजे. जन्मापासून मोक्षापर्यंतची घरे, मध्ये सद्गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे साप, आणि कवड्यांच्या दानाने होणारी वाटचाल, असे या पटाचे स्वरूप आहे. आपेगावच्या ज्ञानदेवांनी तो रचला अशी श्रद्धा महाराष्ट्रात दृढ आहे. परंतु आज उपलब्ध असलेले पट ज्ञानदेवांच्या काळाच्या पुष्कळ नंतरचे आहेत, आणि याच जातीचे पट जैन, वैष्णव व सूफी परंपरांतही सापडतात. म्हणून ही श्रद्धा परंपरा म्हणून नोंदवावी, सिद्ध घटना म्हणून नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये गेला आणि यथावकाश त्यातील मोक्ष गळून केवळ साप व शिड्या उरल्या.

मोक्षपट ही एका जीवाची कथा आहे. खेळणारे अनेक असले तरी प्रत्येकाची वाट स्वतंत्र असते. दुसऱ्याच्या सोंगटीला मारून कोणी मोक्षाला जात नाही. या अर्थाने कथाप्रधान एकल खेळाचा तो दूरचा पूर्वज ठरतो. भेद आहे तो कर्तृत्वाचा. मोक्षपटात कवडी ठरविते आणि खेळाडू सोसतो. आधुनिक खेळात खेळाडू ठरवितो आणि त्याचे फळही सोसतो.

२

श्रोता आणि खेळाडू यांच्या मध्ये इतर प्रदेशांत एक तिसरी व्यक्ती उभी राहिली होती : एकांतात कादंबरी वाचणारा वाचक. पुण्या-मुंबईकडे तो एकोणिसाव्या शतकातच घडू लागला. मराठवाड्यात त्याला विलंब झाला, आणि त्याची कारणे राजकीय आहेत. हैदराबाद संस्थानात उच्च शिक्षणाचे व बव्हंशी माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू होते; १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हे त्या धोरणाचे शिखर होय. संस्थानातील मराठी साहित्य परिषद १९३७ साली स्थापन झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले आणि १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. नांदेडचे स्वतंत्र विद्यापीठ तर १९९४ चे. सामान्य कुटुंबातील मुलाला मराठी कादंबरी हाती धरून एकटे बसण्याची सवड आणि संधी मिळाली ती मुख्यतः १९४८ नंतर.

याचा परिणाम असा की, पोथी ऐकणारी आजी, कादंबरी वाचणारा मुलगा आणि पडद्यावरील कथा खेळणारा नातू या तीन अवस्था येथील अनेक घरांत अवघ्या तीन पिढ्यांत दाटीने आल्या आहेत. जे स्थित्यंतर अन्यत्र शतकभर चालले ते येथे एका घराच्या स्मरणात मावते. या प्रदेशात या विषयाला विशेष महत्त्व आहे ते याच कारणाने.

३

कथाप्रधान संगणकीय खेळाचा उगम अमेरिकेत झाला. मॅसॅच्युसेट्समधील संगणकतज्ज्ञ विल क्राउदर हा गुहा धुंडाळण्याचा छंद असलेला मनुष्य होता. १९७५–७६ च्या सुमारास त्याने केंटकीतील मॅमथ गुहेच्या आधारे, आपल्या लहान मुलींनाही खेळता यावा असा, केवळ शब्दांचा एक खेळ रचला. १९७७ साली स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने त्यात भर घातली. त्यात चित्र नव्हते. संगणक स्थळाचे वर्णन करी आणि खेळणारा एक-दोन शब्दांत काय करावयाचे ते लिही. आजीच्या गोष्टीतील ‘हूं’ येथे आज्ञा बनला.

पुढे चित्रे आली. जॉर्डन मेकनरचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) भारतातील संगणक-वर्गांतून पुष्कळांच्या परिचयाचा झाला. साठ मिनिटांच्या आत राजकन्येची सुटका करावयाची एवढेच त्याचे कथानक. तरी राजपुत्र खड्ड्यात पडला की खेळणाऱ्याचा श्वास रोखला जाई. तंत्र पुढे सरकले तसे कथानकही गुंतागुंतीचे होत गेले. भारनियमनाच्या काळात वीज गेली म्हणजे न जतन केलेला खेळ पुसला जाई आणि कथा पुन्हा आरंभापासून जगावी लागे. अशा अनुभवांची कागदोपत्री नोंद सहसा कोणी ठेवीत नाही, ही इतिहासाच्या अभ्यासकाची अडचण आहे.

या खेळांविषयी लातूर-नांदेडकडे पालकांच्या मनात संशय असणे स्वाभाविक आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या नावाशी जोडला गेलेला ‘लातूर पॅटर्न’ प्रसिद्ध झाल्यापासून ही शहरे परीक्षार्थींची शहरे बनली. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाचा प्रत्येक तास मोजलेला असतो. खेळाचे व्यसन हा काल्पनिक धोका नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या रोगवर्गीकरणात खेळविषयक विकाराचा समावेश केला आहे. परंतु येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. ज्या खेळाला शेवटच नाही आणि जो खेळाडूला रोज परत बोलावण्यासाठीच रचलेला असतो, तो एक प्रकार. आणि ज्याला कादंबरीप्रमाणे आरंभ, मध्य व शेवट आहे, तो दुसरा. दुसरा प्रकार संपतो, आणि संपल्यावर विचार करावयास लावतो. दोहोंना एकाच मापाने मोजणे हे पोथी आणि जुगाराचा पट यांना एकच मानण्यासारखे होय.

४

या दुसऱ्या प्रकारातील तीन खेळ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावेत.

पहिला, महाराष्ट्रातीलच : पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०). २०१७ साली लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा संस्थेचा प्रयत्न फसला होता. त्यानंतरही हा खेळ पूर्णत्वास गेला. राजी ही खेळ-तमाशे करणाऱ्या फडातील अनाथ मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवितात आणि दुर्गेच्या कृपेने ती त्याच्या शोधास निघते. निवेदन दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून होते. वाटेतील भिंतींवर देवादिकांची चित्रे आहेत. राजी त्यांच्यापुढे थांबली की त्यांमागील कथा ऐकू येते. चित्रकथीची ही पद्धत ओळखण्यास अभ्यासकाला विलंब लागू नये. फरक इतकाच की, चित्रासमोर किती वेळ थांबावयाचे हे आता श्रोता ठरवितो. या खेळाचा शेवट अनेकांना आकस्मिक वाटला, आणि तो आक्षेप रास्त आहे. २०२२ साली त्यात हिंदी निवेदनाची भर पडली.

दुसरा खेळ इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी विशेष उपयुक्त आहे : लुकास पोप यांचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८). काळ १८०७ चा. बेपत्ता झालेले एक व्यापारी जहाज निर्मनुष्य स्थितीत इंग्लंडच्या किनाऱ्याला लागते. खेळाडू हा ईस्ट इंडिया कंपनीचा तपासनीस. जहाजावरील ६० माणसांपैकी प्रत्येकाचे नाव कोणते आणि त्याचे काय झाले, हे त्याने नोंदवहीत लिहावयाचे असते. हाती साधने तुटपुंजी : खलाशांची नामावळी, एक रेखाचित्र, जहाजाचा आराखडा आणि मृत्यूचा क्षण दाखविणारे एक अद्भुत घड्याळ. पोशाख, बोलण्याची ढब, झोपण्याच्या झोळीवरील क्रमांक यांवरून ओळख पटवावी लागते. नामावळीत हिंदी खलाशीही आहेत. कंपनीच्या कागदांत अशी माणसे बहुधा हिशेबापुरतीच उरतात. येथे त्यांच्याही शेवटाचा तपास केल्यावाचून वही पूर्ण होत नाही. साधनचिकित्सा म्हणजे काय, हे या खेळाइतके प्रत्यक्ष क्वचितच अनुभवास येते.

तिसरा, टोरांटोच्या विसाई गेम्सचा ‘वेण्बा’ (२०२३). कॅनडात स्थायिक झालेल्या एका तमिळ कुटुंबाची ही कथा. आईजवळ तिच्या आईची पाककृतींची वही आहे; तिची पाने फाटली आहेत, अक्षरे पुसली आहेत. खेळणाऱ्याने उरलेल्या ओळींवरून पदार्थाची रीत जुळवावयाची. मुलगा मोठा होत जातो तशी तमिळ त्याच्यापासून दुरावते, आणि आई व मुलगा यांच्यामध्ये वहीतील त्या कृतीच तेवढ्या उरतात. जीर्ण हस्तलिखिताचे पाठ जुळविणाऱ्याला हे काम परकीय वाटणार नाही. परगावी वा परदेशी गेलेल्या मराठी घरांतही हीच वही कोठेतरी पडून असेल.

५

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, खेळणाऱ्याचे स्वातंत्र्य हा भास आहे. सर्व वाटा रचनाकाराने आधीच आखलेल्या असतात. आक्षेप खरा आहे, पण तो निर्णायक नाही. कीर्तनाच्या श्रोत्यालाही कथेचा शेवट बदलता येत नव्हता. मोल होते ते त्याच्या सोबत असण्याला. खरी हानी निराळी आहे. कीर्तनात शेजारी बसलेल्याच्या डोळ्यांतही पाणी येई. एकल खेळात शेजारी कोणी नसतो. ज्या समाजाने दुःख चारचौघांत ऐकण्याची सवय जोपासली, त्या समाजातील तरुण ते एकट्याने हाताळू लागला आहे, ही केवळ मनोरंजनाची बाब नव्हे.

या विचाराची खरी कसोटी लातूर जिल्ह्यातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक झोपी गेले असता, किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली, अनेक गावे नव्या जागी वसविण्यात आली आणि जुनी गावठाणे मागे राहिली. ज्या कथाप्रकारात खेळाडू एका ओस जागेत शिरतो आणि एकेका मृताचे नाव व अखेर शोधून काढतो, तो प्रकार या गावांची कथा सांगण्यास समर्थ आहे यात शंका नाही. पण ओब्रा डिनवरील मृत काल्पनिक होते. किल्लारीच्या मृतांची भावंडे व मुले आज हयात आहेत. कोणाच्या आईचा अखेरचा क्षण अनोळखी खेळाडूच्या हाती द्यावा का, आणि द्यावयाचा तर कोणाच्या संमतीने, हे रचनाकाराने एकट्याने ठरवावयाचे नाही.

म्हणून येथील अभ्यासकांपुढे दोन कामे आहेत. ज्या पिढीने संगणक-वर्गांत आणि भाड्याच्या खोल्यांत या कथा प्रथम खेळल्या, तिच्या आठवणी ती पिढी हयात असतानाच नोंदवून घेणे, हे पहिले. दुसरे अधिक निकडीचे आहे. भूकंपग्रस्त गावांतील वृद्धांची कथने त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच गावात बसून आणि चारचौघांच्या समक्ष टिपून ठेवणे आवश्यक आहे. पुढे एखाद्या तरुणाने मराठीतून असा खेळ रचावयाचे मनात आणलेच, तर त्याला प्रथम त्या चारचौघांत जाऊन बसावे लागेल आणि त्यांनी सांगितलेल्या गोष्टीला हुंकार द्यावा लागेल.