मोहाची दारू (चंद्रपूर–गडचिरोली)

मोहाच्या वाळवलेल्या फुलांपासून घरोघरी गाळले जाणारे मद्य. पूर्व विदर्भातील चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत गोंड, माडिया, परधान, कोलाम या समाजांच्या देवकार्यात, लग्नात आणि मरणाच्या विधीत तिला स्थान आहे. झाडाला संस्कृतात ‘मधूक’, गोंडीत ‘इरूप’, तर सिरोंचाकडच्या तेलुगू बोलीत ‘इप्पा’ म्हणतात. ‘हातभट्टीची’ म्हणून ओळखली जाणारी गूळ-नवसागराची दारू ही वेगळी वस्तू होय. पोलिसांच्या पंचनाम्यात आणि वर्तमानपत्रांच्या बातम्यांत दोन्ही एकाच ओळीत येतात, त्यामुळे या नोंदीत हा भेद प्रथमच सांगणे आवश्यक वाटते.

मोह (मधुका लाँगिफोलिया) हा चिकूच्या कुळातला, म्हणजे सॅपोटेसी कुळातला पानझडी वृक्ष. लावल्यापासून फुलायला त्याला आठ-दहा वर्षे तरी लागतात. पुढे तो पिढ्यान्‌पिढ्या फुलत राहतो. जंगल तोडून धानाची बांधी काढतानाही मोह तोडत नाहीत. म्हणून या भागात, म्हणजे झाडीपट्टीत, बांध्यांच्या मधोमध किंवा धुऱ्यावर एकटे उभे असलेले जुने मोह दिसतात. गावाजवळच्या झाडांवर कुटुंबांचा वहिवाटीचा हक्क असतो आणि तो बापाकडून मुलाकडे जातो. कुठले झाड कोणाचे हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. त्यासाठी कागद लागत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये झाड बहुतेक निष्पर्ण असताना फांद्यांच्या टोकांना घोस येतात. रात्री उमललेल्या फुलांचा मांसल, फिकट पिवळा पाकळ्यांचा गोळा पहाटे आपोआप गळतो. स्त्रीकेसर मात्र झाडावरच राहतो आणि त्याचेच पुढे फळ होते. फूल वेचल्याने फळ बुडत नाही, हे या झाडाचे मोठे औदार्य. फळातील बियांचे, म्हणजे टोळीचे, तेल थंडीत तुपासारखे थिजते. ते खाण्यात आणि दिव्यात वापरले जाते. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. दुष्काळात माणसांनी ही फुले उकडून खाऊन दिवस काढले आहेत. आजही फुले भाजून किंवा लाडू करून खातात. मोह हे आधी अन्न आहे, दारू नंतर. दारूबंदीच्या चर्चेत हा क्रम नेहमी उलटा होतो.

वेचणीचे काम मुख्यत्वे बायका आणि मुले करतात. उजाडायच्या आत झाडाखाली पोहोचावे लागते, कारण उशीर झाला तर फुले गुरे खातात. अस्वलालाही मोह फार आवडतो. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाच्या भोवतीच्या जंगलात पहाटेच्या अंधुक उजेडात वाकून फुले वेचणाऱ्या माणसांवर वाघांनी हल्ले केल्याच्या घटना हंगामात घडतात. टोपलीभर फुलांची खरी किंमत तिथे कळते. फुले स्वच्छ दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची रीत आहे. त्यातून वणवे लागतात. झाडाखाली जाळी बांधून फुले झेलणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे आणि तो वाढायला हवा. 2021 मध्ये छत्तीसगडमधून गडचिरोलीत आलेल्या रानटी हत्तींच्या कळपामुळे घरात धान्य आणि मोहफूल साठवून ठेवणेही जोखमीचे झाले आहे.

दारू करण्याची रीत थोडक्यात अशी. वाळलेली फुले मडक्यात किंवा डब्यात पाण्यात भिजत घालतात. या भिजलेल्या, आंबणाऱ्या फुलांना ‘सडवा’ म्हणतात. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत, हिवाळ्यात त्याहून उशिरा, सडव्याला बुडबुडे येतात, मग ते थांबतात आणि वास गोडाचा आंबट होतो. हा क्षण नाकाने आणि कानाने ओळखायचा असतो. शुद्ध रीतीत बाहेरून खमीर घालत नाहीत. फुलावर, मडक्याच्या आतल्या अंगाला आणि हवेत असलेली रानटी यीस्टच साखरेचे मद्य करते. आधीचा थोडा सडवा मडक्यात राखून ठेवला की पुढचा लवकर उठतो. नंतर सडवा चुलीवर चढवतात. त्यावर दुसरे भांडे, वर गार पाणी. वाफ थंड होऊन आतल्या भांड्यात किंवा बांबूच्या नळीवाटे बाहेर ठिबकते. वरचे पाणी तापले की बदलायचे. किती वेळा बदलले यावर दारू कडक की सौम्य हे ठरते. पहिली धार सर्वांत तीव्र. विस्तवावर शिंपडली तर ती पेट घेते. एकदाच गाळल्यामुळे फुलाचा वास तिच्यात टिकून राहतो. जुन्या जाणत्यांना चवीवरून फुले नीट वाळली होती की पावसात भिजली होती हेही सांगता येते.

या भागातील दुसरे पारंपरिक मद्य म्हणजे गोरगा. भामरागड परिसरात माडिया लोक गोरग्याच्या झाडाचा रस काढतात. हे माडाच्या कुळातले उंच झाड असते. बस्तरमध्ये त्या रसाला सल्फी म्हणतात. सकाळचा रस गोड असतो. दिवस चढेल तसा तो आपोआप आंबतो. गोदावरी-प्राणहितेच्या काठाने ताडीही आहे. गाळली जात नसल्याने ही दोन्ही पेये सौम्य राहतात.

युरोपात गेल्या काही दशकांत ‘नॅचरल वाइन’ या नावाने जी चळवळ उभी राहिली, तिचा मोहाशी थेट संबंध नाही. पण तुलना उपयोगी पडते. फ्रान्समधील बोजोले भागात ज्यूल शोव्हे या रसायनशास्त्र जाणणाऱ्या मद्यव्यापाऱ्याने, आणि त्याच्यानंतर मॉर्गों येथील मार्सेल लापिएरसारख्या छोट्या द्राक्ष बागायतदारांनी, द्राक्षावरच्याच यीस्टने रस आंबवण्याचा आणि गंधकाचा वापर शक्य तितका कमी करण्याचा आग्रह धरला. जॉर्जियात जमिनीत पुरलेल्या क्वेव्री या मातीच्या रांजणांत वाइन करतात. 2013 मध्ये युनेस्कोने त्या पद्धतीला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले. बाहेरचे खमीर नाही, भेसळ नाही, एका जागेचा आणि एका हंगामाचा स्वाद: या सर्व कसोट्यांना गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या एखाद्या घरातला सडवा पूर्वीपासूनच उतरतो.

मात्र मोहाची दारू गाळलेली असल्याने तिची खरी बहीण वाइन नसून खेड्यातली फळांची ब्रँडी आहे. फ्रान्समध्ये स्वतःच्या बागेतील फळांपासून ठरावीक प्रमाणात करमुक्त दारू गाळण्याचा शेतकऱ्यांचा हक्क वारशाने चाले. अशा शेतकऱ्याला ‘बुइयर द क्रू’ म्हणतात. देशातले मद्यपान फार वाढल्याने 1960 मध्ये त्या सवलतीचा वारसा थांबवण्यात आला. ज्यांच्याकडे ती होती त्यांच्यापुरती ती हयातभर राहिली. हक्क मान्य करून त्याला मर्यादा घालता येते, याचे हे उदाहरण आहे.

भारतात कायद्याचा प्रवास उलट दिशेने झाला. इंग्रजी अमलात अबकारी हे महसुलाचे साधन बनले. गाळण्याचे मक्ते दिले जाऊ लागले आणि घरची भट्टी गुन्हा ठरली. मुंबई सरकारने 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहफुलांवरच कायदा केला, म्हणजे फूल बाळगणेच नियंत्रणाखाली आले. स्वातंत्र्यानंतरच्या 1949 च्या दारूबंदी अधिनियमातही मोहफुलांवरचे निर्बंध कायम राहिले. जे घरात अन्न म्हणून साठवले जाते त्यालाच संशयित मानणारी ही तरतूद अन्यायाची होती. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये मोहफूल गोळा करणे, साठवणे आणि वाहून नेणे यांवरील निर्बंध उठवले.

विधीतील स्थान : देवापुढे म्हणजे पेनापुढे, पितरांच्या नावाने आणि नव्या धान्याच्या सणाला मोहाचे थेंब जमिनीवर सांडून मगच पानाच्या द्रोणातून पितात. सोयरीक जुळताना आणि भांडण मिटल्यावरही ती लागते. येथे दारू हे पेय कमी आणि साक्षीदार अधिक आहे.

दुसरी बाजू तितकीच खरी आहे. ठेकेदारी दुकाने आणि विक्रीची दारू गावोगाव पोहोचल्यावर मजुरीचा पैसा तिकडे जाऊ लागला. मार बायकांनी खाल्ला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेसह अनेक संघटना आणि गावांतील स्त्रिया यांच्या आंदोलनातून गडचिरोली जिल्ह्यात 1993 मध्ये दारूबंदी लागू झाली. 2016 पासून ‘मुक्तिपथ’ अभियान तेथे दारू आणि तंबाखूविरोधी काम करते. चंद्रपुरात ‘श्रमिक एल्गार’ या संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने 2010 मध्ये स्त्रियांनी चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळावर पायी मोर्चा नेला. 1 एप्रिल 2015 पासून तिथे बंदी आली आणि 27 मे 2021 रोजी मंत्रिमंडळाने ती उठवली. गडचिरोलीत ती कायम आहे. या स्त्रियांची मागणी समजून न घेता मोहाच्या वारशाचे गोडवे गाणे हे शहरी माणसाचे अर्धवट प्रेम ठरते.

विक्रीसाठी केलेल्या दारूत फूल महाग आणि वेळ फार म्हणून काळा गूळ, नवसागर, कधी युरियाही मिसळतात. परंपरेतील मोह हंगामापुरता, कारणापुरता आणि घरापुरता असतो. धंद्यातील दारूला यांपैकी एकही मर्यादा नाही. फरक भट्टीत नाही, या मर्यादांत आहे.

मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला ‘हेरिटेज’ दर्जा देऊन ते बचत गटांमार्फत बाटलीत आणण्याचे धोरण स्वीकारले आहे. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गडचिरोलीत हा मार्ग जसाच्या तसा उचलता येणार नाही, कारण तेथील बंदी लोकांनी मागून घेतलेली आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने दारूचा प्रश्न ग्रामसभेत दीर्घ चर्चेने आणि सर्वसहमतीने हाताळला. देवाला दारू लागते हा मुद्दाही तिथे टाळला गेला नाही. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार दिला आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने मोहासह गौण वनोपजाची मालकी वनवासी समाजांकडे आली. मोहाचे पुढे काय करायचे हे ठरवण्याचा हक्क या ग्रामसभांचाच आहे, आणि शासनाने तो त्यांना मनापासून वापरू द्यावा.