तीन आठवडे हँडल मारणारा माणूस

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन. ती बायोइंजिनिअरिंग शिकते. "मामा, आम्हाला न्यूमेरिकल मेथड्स कशाला रे? आम्ही काय प्रोग्रॅमर होणार आहोत?" फोनवर मी काहीतरी गुळमुळीत बोललो. नीट उत्तर हे असं.

हॉजकिन आणि हक्सले हे दोघे केंब्रिजचे. माकुळाची एक नस चांगली अर्धा मिलिमीटर जाड असते. तिच्यात इलेक्ट्रोड घालून त्यांनी सोडियम-पोटॅशियमचे प्रवाह मोजले आणि त्यावरून चार डिफरन्शियल इक्वेशन्स मांडली. पण ती कागद-पेनाने सुटणारी नव्हती. केंब्रिजकडे एडसॅक कॉम्प्युटर होता, पण १९५१ मध्ये नेमका तो दुरुस्ती-बदलांसाठी सहाएक महिने बंद! आपल्याकडे सर्व्हर तासभर डाउन झाला तर आपण चहाला जातो. हक्सलेने ब्रुन्सविगा काढलं. हे हाताने फिरवायचं कॅल्क्युलेटर, हँडल पुढे फिरवलं की बेरीज, उलटं फिरवलं की वजाबाकी. गुणाकार म्हणजे पुन्हा पुन्हा बेरीज. युद्धाच्या काळात हा माणूस तोफांच्या माऱ्याची गणितं करत होता, तो हात इथे कामी आला.

खरी गंमत नसेतून पळणाऱ्या लहरीची. तिचा वेग आधी माहीत नसतो, म्हणून अंदाजाने एक आकडा धरायचा आणि स्टेपमागून स्टेप पुढे जायचं. आकडा चुकला की व्होल्टेज एकतर वर नाहीतर खाली, अनंताकडे सुटतं. मग आकडा बदला, पुन्हा हँडल. यात तीनेक आठवडे गेले. उत्तर आलं सेकंदाला १८.८ मीटर, प्रत्यक्ष मोजलेला वेग होता २१.२. नुसत्या पडद्याच्या मोजमापांवरून इतकं जवळ! १९५२ ला पेपर, १९६३ ला नोबेल.

पण भाचीने वाचावा तो डेनिस नोबल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शरीरशास्त्रात पीएचडी करणारा पोरगा. त्याला हीच इक्वेशन्स हृदयाला लावायची होती. नसेतला झटका एक-दोन मिलिसेकंदांत संपतो, हृदयातला काही शे मिलिसेकंद चालतो. म्हणजे हँडलचं कामच नाही, कॉम्प्युटरच हवा. गणित बेताचंच, म्हणून तो इंजिनिअरांच्या गणिताच्या लेक्चरला जाऊन बसला आणि प्रोग्रॅमिंग शिकला. फेरांटी मर्क्युरी मशीनवर त्याला वेळ मिळाली रात्री दोन ते चार. १९६० मध्ये त्याचं हृदयाच्या ठोक्याचं मॉडेल 'नेचर'मध्ये छापून आलं.

शनिवारी मी हीच चार इक्वेशन्स पायथॉनमध्ये लिहिली. चाळीसएक ओळी, उत्तर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच. मग मुद्दाम स्टेप मोठी घेतली, तर ग्राफ वेडावाकडा होऊन स्क्रीनवर नुसते नॅन. हक्सलेला ही चूक तिसऱ्या-चौथ्या ओळीतच हाताला जाणवली असती. मला नॅन दिसेपर्यंत कळलं नाही.

हे सगळं भाचीला मेल केलं. तिचं उत्तर एका ओळीचं: "म्हणजे नाईट मारावी लागणारच."

असाइनमेंट मंगळवारी आहे म्हणे :-)