एचआयव्ही-उपचार आणि लैंगिक जोखीम (पुणे परिसर)

एचआयव्हीवरील औषधे गुणकारी ठरल्यानंतर लैंगिक संबंधांतील धोक्याविषयी बदललेली लोकभावना. ‘गोळ्या चालू आहेत, आता काही होत नाही’ अशा समजुतीने निरोधाचा वापर सैलावणे, यास ‘जोखीम-भरपाई’ म्हणतात. २००४ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात औषध घेणाऱ्यांत असा सैलपणा आढळला नाही. मात्र औषधाने संसर्ग टळतो असे मानणाऱ्यांत, मग ते बाधित असोत वा नसोत, निरोधाविना संबंध अधिक दिसले.

पूर्वपीठिका : भारतातील पहिले निदान चेन्नईत, १९८६. भोसरी एमआयडीसीतील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था (नारी) १९९२ ची. रमण गंगाखेडकर व सहकाऱ्यांनी १९९३–९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रिया तपासल्या. त्यांत देहविक्रय न करणाऱ्यांपैकी १३.६ टक्के बाधित निघाल्या, आणि या गटातील बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशीच आला होता. जोखीम-भरपाईचा सिद्धान्त ज्याची जोखीम त्याचाच निर्णय असे धरून चालतो. या स्त्रियांच्या घरांत निर्णय नवऱ्याचा आणि जोखीम बायकोची, म्हणून तिथे तो लागू पडत नाही.

उपचार : शासनाची मोफत एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) १ एप्रिल २००४ पासून. आरंभी सीडी ४ (रोगप्रतिकारक) पेशी बऱ्याच घटल्यावरच औषध मिळे. २०१७ पासून निदान होताच. एआरटी केंद्रावर रुग्णाने डबी परत आणायची, उरलेल्या गोळ्या मोजायच्या आणि ९५ टक्क्यांहून कमी गोळ्या घेतल्या असल्यास पुन्हा समुपदेशन, अशी रीत आहे. निरोधाच्या वापराची अशी मोजदाद होत नाही. तिथे रुग्ण सांगेल तेच लिहून घ्यावे लागते.

एचपीटीएन ०५२ : या विषयातील निर्णायक चाचणी. नऊ देश, १,७६३ जोडपी; प्रत्येक जोडप्यात एकच जण बाधित. भारतात पुणे (नारी) व चेन्नई ही केंद्रे. एका गटाला लगेच औषध, दुसऱ्याला पेशी घटल्यावर. २०११ च्या अहवालात जोडीदाराकडूनच झालेले संसर्ग २८ निघाले. त्यांतील २७ उशिरा औषध मिळालेल्या गटात. म्हणजे ९६ टक्के घट. दोन्ही गटांना निरोध व समुपदेशन पुरवले होते, ही बाब हा आकडा सांगताना सहसा गाळली जाते. निरोधाविना संबंधांचा हिशेब युरोपातील ‘पार्टनर’ अभ्यासाने मांडला : समलिंगी पुरुष जोडप्यांत सुमारे ७६ हजार संबंध, जोडीदाराकडून संसर्ग शून्य (२०१९).

प्रतिबंधक गोळी (प्रेप) : बाधित नसलेल्यांनी संसर्ग टाळण्यासाठी घ्यायची; तिची राष्ट्रीय मार्गदर्शिका २०२२ ची.

 

मर्यादा : विषाणूभार नियमित औषधाने आटोक्यात राहिला तरच संसर्ग टळतो. भारतात सर्व उपचाराधीन रुग्णांसाठी विषाणूभाराची तपासणी २०१८ पासून मोफत आहे. उपदंश आणि परमा यांवर मात्र एचआयव्हीच्या गोळ्यांचा काहीही परिणाम होत नाही.