रमाबाईंना देव कधी भेटला? माझ्या तक्त्यातल्या एका रकान्याची गोष्ट

प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणासाठी मी एक तक्ता केला होता. केमिस्ट्रीत एम.एस्सी. केल्यामुळे कुठलीही गोष्ट आधी तक्त्यात घालायची खोड अजून गेलेली नाही. माझा विषय एकोणिसाव्या शतकातलं मराठी विज्ञानलेखन आणि मिशनचे छापखाने. त्या काळात विज्ञान आणि धर्म वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेले सापडत नाहीत. अहमदनगरला १८४२ साली सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'च्या नावातलं ज्ञान कोणतं, खगोलाचं की देवाचं? काढणाऱ्यांच्या मते दोन्ही, आणि पहिलं दुसऱ्याकडे नेणारं. त्यामुळे मला त्या काळातल्या मराठी ख्रिस्ती लेखकांचीही यादी करावी लागली. नाव, जन्म, गाव, शिक्षण, पुस्तकं, आणि शेवटचा रकाना 'धर्मांतराची तारीख'.

रकाने भराभर भरले. नारायण वामन टिळक, १० फेब्रुवारी १८९५, मुंबई. पंडिता रमाबाई, २९ सप्टेंबर १८८३, वाँटेज, इंग्लंड. गाईड मॅडमनी रमाबाईंच्या ओळीवर पेन टेकवून विचारलं, "ही तारीख कोण सांगतंय?"

मी म्हटलं, "सगळेच सांगतात. बाप्तिस्म्याची आहे."

"मग रकान्याला बाप्तिस्मा म्हण. धर्मांतर कशाला म्हणतेस? बाई स्वतः काय म्हणतात ते वाचलंस?"

वाचलं नव्हतं. चरित्रं वाचली होती, लेख वाचले होते, मूळ वाचलं नव्हतं. पेट-नेटची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांची आत्ता हीच अवस्था असेल, म्हणून लाज न बाळगता सांगतेय.

मग पावसाळ्यात वेल्ह्याला घरी आले तेव्हा सगळी पीडीएफ भरून आणली. तोरणा ढगात, लावणी चालू, मोबाईलला रेंज नाही. वाचायला याहून चांगली परिस्थिती नाही.

रमाबाईंनी १९०७ मध्ये केडगावहून इंग्रजीत आपली साक्ष प्रसिद्ध केली. ख्रिस्ती लोक 'साक्ष' म्हणतात ते कोर्टातलं नव्हे. आपल्याला देव कसा कळला याचं चारचौघांत केलेलं कथन. त्यात त्या सांगतात त्याचा मतितार्थ असा, की बाप्तिस्मा घेतला तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला पुढे साधारण आठ वर्षं गेली. म्हणजे १८९१ च्या आसपास. मग माझ्या रकान्यात काय लिहायचं? १८८३ की १८९१?

पहिला मोह असा होतो की बाई स्वतः सांगतात तर तेच खरं. दुसरा मोह याच्या उलट: मन कुणी पाहिलंय, कागदावरची तारीख धरा. दोन्ही मोहांत मी पाळीपाळीने पडले.

थोडं मागे जाऊ. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलांना संस्कृत शिकवलं. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणं सांगत फिरायचं. सांगितलेली व्रतं, उपास, दानं सगळं केलं, जवळचा पैसा त्यातच संपला, आणि १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. देवाला ओळखण्याची जी रीत शास्त्रात दिली होती ती या घराने पूर्ण पाळली होती, हे विसरून रमाबाईंची पुढची कुठलीच कृती समजत नाही. पुढे कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या, भाऊ गेला, लग्न झालं, दोन वर्षांच्या आत नवरा पटकीने गेला. १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टर्सकडे. या सिस्टर्सची शाखा पुण्यात पंचहौद मिशनमध्ये होती. टिळक-रानडे ज्या चहामुळे अडचणीत आले तेच हे पंचहौद.

वाँटेजमधल्या पहिल्या महिन्यांत एक भयंकर गोष्ट घडली. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच काळात रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. तक्त्यात हे कुठे बसवायचं, सांगा.

साक्षीत मात्र या काळातली एक वेगळीच आठवण पुढे येते. सिस्टर्सनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेलं. तिथे समाजाने टाकलेल्या बायकांना सांभाळलं जायचं. ज्या बायकांना आपल्याकडे दारातही उभं करत नाहीत त्यांच्याशी या असं का वागतात, असा प्रश्न रमाबाईंना पडला, आणि उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट सापडली. म्हणजे आधी कृती दिसली, मग पुस्तक उघडलं. शास्त्रार्थात वाढलेल्या बाईसाठी हा क्रम उलटा आहे.

आता पत्रांकडे येते. खरा खजिना तिथे आहे. रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो काढला. १८८३ ते ८६ या वर्षांची पत्रं सलग वाचा. बाप्तिस्मा घेतलेली नवी शिष्या म्हणून जी नम्र मुलगी मी डोक्यात धरली होती ती तिथे कुठेच नाही.

त्या अंडं घातलेलं पुडिंग खात नाहीत. सिस्टरना त्यात जातीचा जुना अभिमान दिसतो. रमाबाई फटकारतात, की माझा गर्व तुम्ही पुडिंगात, दुधात, भातात, बुटात कुठेही शोधा. मी काय खावं ते मी ठरवणार. क्रूसावर लॅटिन अक्षरं कोरायची गोष्ट निघते तेव्हा विचारतात, लॅटिन का? आमचं संस्कृत त्याहून कमी पवित्र आहे का? आणि मुख्य भांडण त्रैक्यावरून. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे त्यांच्या गळी उतरत नाही. चर्च म्हणतं म्हणून मान, असं सिस्टर सुचवतात. रमाबाई उत्तर देतात ते अशा अर्थाचं, की इकडच्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली आहे, ती लगेच दुसऱ्या जोखडात द्यायची माझी तयारी नाही. मला सदसद्विवेक आहे, तो देवानेच दिला आहे.

हे वाचताना मला दोघींचीही बाजू कळत होती, हे कबूल करते. सिस्टर जेराल्डीन दुष्ट नाहीत. त्यांच्या परंपरेत देवाला ओळखणं म्हणजे एका घरात राहायला जाणं; घराचे नियम आधी पाळायचे, घर हळूहळू कळतं. रमाबाईंना आधी नकाशा तपासायचा होता. दोघी एकाच देवाबद्दल बोलत होत्या, पण 'ओळखणं' हे क्रियापद दोघींचं वेगळं होतं.

इथे थांबून कामाची एक गोष्ट. ही पत्रं जपून कुणी ठेवली? सिस्टर जेराल्डीनने. क्रम लावला तिनेच, टिपा लिहिल्या तिनेच, आणि त्या टिपांमध्ये रमाबाई हट्टी आणि अहंकारी दिसतात. म्हणजे वादातल्या एका पक्षाने वादाची फाईल बनवली आहे. पत्रातली रमाबाई आणि टिपेतली रमाबाई वेगळ्या शाईने खुणावून ठेवा. मी पहिल्या वाचनात नाही ठेवल्या, नंतर दोन आठवडे निस्तरत बसले.

साक्षीलाही हेच लागू. ती बाप्तिस्म्यानंतर चोवीस वर्षांनी लिहिलेली आहे. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती सदनात मोठं धार्मिक जागरण झालं होतं, त्याच्या पाठोपाठची. वाचक बरेचसे परदेशातले, मिशनला मदत करणारे. आणि आणखी एक गंमत. १८९१ च्या सुमाराला आपल्याला उजेड पडला तो कशाने, तर विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचं आत्मकथन वाचून, असं रमाबाई सांगतात. हा हॅस्लम कॉर्नवॉलमध्ये आधीपासून पाद्री होता, आणि व्यासपीठावर प्रवचन देता देता त्याला जाणवलं की आपल्याला स्वतःलाच ही ओळख झालेली नाही. स्वतःच्या प्रवचनाने पालटलेला पाद्री म्हणून तो प्रसिद्ध आहे. म्हणजे 'आधी नावाचा ख्रिस्ती, मग खरा' या कथेचा साचा रमाबाईंच्या हातात त्या पुस्तकाने दिला.

साचा सापडला म्हणून मी जाम खूश झाले होते. मॅडमना म्हटलं, बघा, ही तर उसनी गोष्ट निघाली! त्या म्हणाल्या, तुझ्या दुःखाला तू जे शब्द वापरतेस ते तू बनवलेत का? मी गप्प.

हे समजायला मला शेवटी प्रयोगशाळाच उपयोगी पडली. टायट्रेशन आठवा. ब्युरेटमधून थेंब थेंब पडतो, इंडिकेटरचा रंग बदलतो, आपण रीडिंग घेतो. तो एंड पॉइंट. अभिक्रिया प्रत्यक्षात पूर्ण होते तो इक्विव्हॅलन्स पॉइंट वेगळा. दोन्ही जवळजवळ असावेत म्हणून इंडिकेटर नीट निवडायचा. बाप्तिस्मा हा बाहेरच्यांना दिसणारा रंगबदल. १८८३ चं रीडिंग चूक नाही, ते रंगाचं रीडिंग आहे. पण सौम्य आम्ल आणि सौम्य आम्लारी घेतलं तर रंग झटकन बदलतच नाही, नुसता रेंगाळत राहतो, आणि कुठल्या थेंबाला थांबायचं हेच कळत नाही. रमाबाईंची पत्रं वाचून वाटतं, हे प्रकरण त्यातलं आहे. उपमा इथपर्यंतच चालते, कारण चंचुपात्रातलं द्रावण नंतर स्वतःबद्दल पुस्तक लिहीत नाही.

हा तारखेचा घोळ नुसता पंडिती नाही. १८९३ मध्ये पुण्यात यावरून एका संस्थेच्या जिवावर बेतलं. शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत निघालं आणि पुढल्या वर्षी पुण्यात आलं. विधवा मुलींची शाळा, धर्माच्या बाबतीत तटस्थ, सल्लागार मंडळात रानडे आणि भांडारकर. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. दार बंद का करत नाही, असा प्रश्न पुण्याने विचारला. 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले, पालक मुलींना घेऊन गेले.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे १८९१ च्या आसपास ओळख पटलेली बाई १८९३ मध्ये दार बंद करायला तयार नाही. १८८५ ची, त्रैक्यावर वाद घालणारी रमाबाई असती तर दाराबाबत तडजोड झाली असती का? मला वाटतं, कदाचित. पण तो अंदाज आहे आणि प्रबंधात तो अंदाज म्हणूनच लिहिणार. टीकाकारांचा मुद्दाही मला पोकळ वाटत नाही. तटस्थतेचं वचन दिलं होतं, आणि लहान मुलीसाठी बाईंचं उघडं दार हे नुसतं दार नसतं.

रमाबाईंच्या 'ओळखण्या'चा सगळ्यात ठोस पुरावा मला वाटतं साक्षीत नाही, बायबलच्या भाषांतरात आहे. प्रचलित मराठी बायबलची भाषा त्यांना जड वाटायची, गावातल्या बाईला न कळणारी, आणि काही संस्कृत शब्द आपल्याबरोबर वेदान्ताचा अर्थ घेऊन येतात हेही त्यांना खटकायचं. संस्कृत तोंडपाठ असलेल्या बाईने हे म्हणावं! फादर स्टीफन्सने १६१६ च्या 'क्रिस्तपुराणा'त स्वर्गाला खुशाल वैकुंठ म्हटलं होतं. रमाबाईंची दिशा त्याच्या नेमकी उलट. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ऐकू कमी यायचं, संस्थेत दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायका, आणि रोजचा काही वेळ या कामाला. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवायलाही बायकाच. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. त्याआधी काम पुरं झालं होतं. छापील बायबल १९२४ मध्ये आलं. ही वर्षानुवर्षांची शब्दाशब्दाची झटापट कुठल्या तारखेच्या रकान्यात घालायची?

हे सगळं मी आज्जीला सांगत होते, ती ओट्यावर पावटे सोलत होती. आमच्या बाजूला ख्रिस्ती घरं फार नाहीत. नसरापूरला पूना अँड इंडियन व्हिलेज मिशनचं ठाणं होतं हे मलाही संशोधनात आल्यावर कळलं, आणि त्या रस्त्याने मी शंभरदा पुण्याला गेलेय. आज्जी दरवर्षी तोरण्यावर मेंगाईला जायची, आता गुडघे साथ देत नाहीत. तिला विचारलं, तुला देव कधी कळला गं?

"कळला म्हंजी?" ती म्हणाली. "तुझ्या आज्याला मी कवा वळखाया लागले, सांग बघू. लग्नात का?" आणि पुन्हा पावटे सोलायला लागली. आजोबांशी तिचं लग्न झालं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. आजोबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली, तरी कधीकधी ती म्हणते, त्यो माणूस मला आत्ता कळाया लागलाय.

पुण्याला परतल्यावर तक्ता दुरुस्त केला. 'धर्मांतराची तारीख' काढून तीन रकाने केले: बाप्तिस्मा; स्वतः सांगितलेला काळ, आणि ते कुठे, कधी, कुणासाठी सांगितलं; त्या काळातली पत्रं किंवा डायरी. बाबा पद्मनजींच्या ओळीत मधल्या रकान्यात 'अरुणोदय', १८८८. टिळकांच्या ओळीत तिसऱ्या रकान्यासमोर लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं, कारण ते टिळकांचं कथन नाही, नवऱ्याचं धर्मांतर बाहेरून सोसलेल्या बायकोचं आहे, आणि पाच वर्षांनी तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला. तिच्यासाठी आता नवी ओळ करावी लागणार. गोऱ्हे अजून कोरे आहेत.