पाटणचा मठ : चार विषय, एक विद्या

श्रोतेहो, चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी पाटणे गाव आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला आपण जातोच. पण आठशे वर्षांपूर्वी तिथे एक महाविद्यालयच होते म्हणा ना! तिथल्या शिलालेखात त्याची हकीकत आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला.

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी होते. तापीकाठचे योगी चांगदेव ते निराळे, बरे का! या चांगदेवांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने शके ११२८ मध्ये, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमारास, त्याला दान दिले.

तिथे शिकवायचे काय? मुख्य ग्रंथ सिद्धान्तशिरोमणि. तो ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, भास्कराचार्यांनी रचला. त्याचे भाग चार : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. हे चार कप्पे नव्हेत, एका जिन्याच्या चार पायऱ्या आहेत. लीलावतीत जे त्रैराशिक बाजारहिशेबाला लागते, तेच पुढे ग्रहाची गती काढायला लागते. शंकूच्या सावलीचे गणित आधी जमिनीवर, मग आकाशात. आणि ‘हे असे का?’ याचा उलगडा गोलाध्यायात.

शिलालेखही तसाच. आरंभी संस्कृत, शेवटी त्या काळची मराठी. बाजारातल्या मालावरचा कर मठाला दिला, घाण्यामागे पळी पळी तेल नेमून दिले, हा मजकूर मराठीत. एकाच दगडात भाषा, हिशेब, व्यापार आणि इतिहास!

आज २०२० च्या शैक्षणिक धोरणाने कॉलेजच्या मुलांना वेगवेगळ्या शाखांचे विषय एकत्र घेता येतात. पण वेळापत्रकात विषय शेजारी बसले म्हणजे मुलाच्या डोक्यात ते जोडले जातात असे नाही. तो सांधा शिक्षकांनीच जुळवावा लागतो. मराठीच्या, गणिताच्या आणि अर्थशास्त्राच्या गुरुजींनी हाच एक लेख वर्गात घ्यावा. मुलांनी त्यातली भाषा वाचावी, करांचा हिशेब मांडावा, अंगणात काठी रोवून सावली मोजावी. आणि तिन्ही गोष्टी एकाच वहीत लिहाव्यात.

पाटणच्या मठाला तेल्याच्या घाण्याने पोसले. आज बाप कापूस विकून मुलाची फी भरतो. त्या मुलाला पदवी मिळूनही घरच्या कपाशीचा जमाखर्च मांडता आला नाही, तर त्या शिक्षणात कुठेतरी एक पायरी निखळली आहे, असेच म्हणावे लागेल.