ओकॉनल, डॅन्यल

(६ ऑगस्ट १७७५ – १५ मे १८४७). आयरिश वकील, संसदपटू आणि कॅथलिकांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचे नेते. आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला केरी परगण्यात, कहरसवीन गावाजवळ कॅरन येथे जन्म. वडील मॉर्गन, आई कॅथरीन. त्या भागातल्या रिवाजाप्रमाणे अगदी लहानपणी त्यांना एका कुळाच्या घरी सांभाळायला ठेवले होते. त्यामुळे आयरिश भाषा त्यांच्या कानावर पहिल्यापासून पडली. पुढे निपुत्रिक चुलते मॉरिस ओकॉनल यांनी त्यांना आपल्या डेरिनेन येथील घरी नेले. समुद्रकाठच्या या घराण्याने चोरट्या मालाच्या व्यापारावर बरीच माया जमवली होती. कॅथलिकांवर कायद्याचे निर्बंध होते, त्या काळात जमीन व प्रतिष्ठा टिकवणारी जी थोडी घराणी उरली, त्यांपैकी हे एक.

शिक्षण : कॅथलिक मुलांना चांगले शिक्षण हवे तर समुद्र ओलांडावा लागे. सेंत ओमेर व दूए या फ्रान्समधील विद्यालयांत ते शिकले. राज्यक्रांतीमुळे दूए सोडावे लागले तो दिवस २१ जानेवारी १७९३, म्हणजे सोळाव्या लुईच्या शिरच्छेदाचाच. जमावाच्या हिंसेची धास्ती त्यांच्या मनात कायमची बसली, आणि राजकीय सुधारणेसाठी रक्त सांडू नये ही त्यांची भूमिका इथूनच घडली, असे बहुतेक चरित्रकार मानतात. १७९४ मध्ये लंडनच्या लिंकन्स इन या कायद्याच्या शिक्षणसंस्थेत दाखल झाले. १९ मे १७९८ रोजी आयर्लंडमध्ये वकिलीची सनद मिळाली. कॅथलिकांना ही वाट खुली होऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती.

वकिली : ओकॉनल यांच्यावरील लेखनात प्रचंड जाहीर सभांना जितकी जागा मिळते, तितकी त्यांच्या वकिलीला मिळत नाही. वास्तविक राजकारणातली त्यांची सगळी पद्धत (कायद्याच्या शब्दाला चिकटून राहणे, मनाईहुकमाच्या कक्षेबाहेर राहून तेच काम नव्या नावाने चालू ठेवणे, प्रतिपक्षाला त्याच्याच विधानात पकडणे) न्यायालयात तयार झालेली आहे. मन्स्टर प्रांतातील फिरत्या न्यायालयांबरोबर ते लिमरिक, एनिस, ट्रली, कॉर्क अशी वर्षातून दोनदा फेरी करीत. उलटतपासणीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आयरिश भाषा येत असल्याने दुभाष्याआड लपणाऱ्या साक्षीदाराचे त्यांच्यापुढे चालत नसे. पहाटे उठून दिवाणी कागद तयार करावेत, दिवसभर न्यायालयात उभे राहावे, सायंकाळी सभेला जावे, असा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे पाळला. आयर्लंडमधील सर्वाधिक मागणी असलेल्या वकिलांत गणना होऊनही १८२९ पर्यंत त्यांना राजाचे वकील हा वरचा दर्जा मिळू शकला नाही, कारण तो कॅथलिकांना बंद होता. त्यांच्यापुढे अकलेने व अनुभवाने कमी असलेले प्रॉटेस्टंट वकील वरच्या रांगेत बसत, आणि ओकॉनल साध्या झग्यात मागे. हा अन्याय तीसएक वर्षे रोज अंगावर घेणाऱ्या माणसाने सुधारणेचा मार्ग म्हणून पुन्हा कायदाच निवडला, हे त्यांच्या चरित्रातले सर्वांत मोठे सत्य आहे.

१८१३ मध्ये डब्लिन इव्हिनिंग पोस्टचे संपादक जॉन मॅगी यांच्यावर लॉर्ड लेफ्टनंट या राजप्रतिनिधीची बदनामी केल्याचा खटला झाला. ज्यूरी पूर्ण प्रॉटेस्टंट होती. निकाल ठरल्यातच जमा होता. ओकॉनल यांनी सुमारे चार तास भाषण करून बचावाऐवजी अ‍ॅटर्नी जनरल विल्यम सॉरिन व त्यांच्या राजवटीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. मॅगी यांना दोन वर्षे कैद व ५०० पौंड दंड झाला. या भाषणाने पक्षकाराचे नुकसान झाले काय, यावर मतभेद आहेत.

डोनरेल खटल्याची हकिकत अधिक तपशिलाने उपलब्ध आहे. कॉर्क परगण्यातील डोनरेल भागात काही जमीनदार व दंडाधिकाऱ्यांना ठार मारण्याचा कट केल्याच्या आरोपावरून १८२९ च्या ऑक्टोबरात विशेष न्यायालय बसले. पहिल्या तुकडीतील चौघांना ज्यूरीने झटपट दोषी ठरवले व फाशीची शिक्षा झाली. उरलेल्या आरोपींच्या वतीने विल्यम बर्क नावाचे गृहस्थ ओकॉनल यांना आणायला रातोरात घोड्यावरून डेरिनेनला निघाले. अंतर सुमारे ९० मैल. ओकॉनल हलक्या घोडागाडीतून रात्रभर प्रवास करून सकाळी कॉर्कला पोहोचले आणि तडक न्यायालयात शिरले. पोटात काही नव्हते. न्यायाधीशांची परवानगी घेऊन त्यांनी तिथेच पाव व दूध मागवले, आणि घास घेता घेताच सॉलिसिटर जनरल जॉन डोहर्टी यांच्या कायद्याच्या विधानांना हरकती घ्यायला सुरुवात केली, असे समकालीन वर्णनांत आहे. खबऱ्या साक्षीदार पॅट्रिक डॅली याची आधीची जबानी व न्यायालयातील साक्ष यांतील तफावत उलटतपासणीत उघडी पडली. दुसऱ्या तुकडीबाबत ज्यूरीत एकमत झाले नाही. पुढचे आरोपी सुटले. आधीच्या चौघांची फाशी रद्द होऊन त्यांना हद्दपारीची शिक्षा झाली. संसदेत जाण्याची वाट मोकळी झालेला, देशभर पूजला जाणारा चोपन्न वर्षांचा नेता अनोळखी शेतकऱ्यांसाठी रात्र गाडीत काढतो, ही घटना त्यांच्या कोणत्याही सभेपेक्षा कमी महत्त्वाची नाही.

कुटुंब : २४ जुलै १८०२ रोजी ट्रलीच्या मेरी ओकॉनल या दूरच्या नात्यातील मुलीशी त्यांनी चुलत्यांना न विचारता गुप्तपणे लग्न केले. मुलीकडून हुंडा येणार नव्हता. बातमी कळताच चुलत्यांनी वारसाहक्कातील मोठा वाटा काढून घेतला. काही वर्षांनी समेट झाला व १८२५ मध्ये डेरिनेन त्यांच्याकडे आले. चार मुलगे (मॉरिस, मॉर्गन, जॉन, डॅन्यल) व तीन मुली (एलन, कॅथरीन, एलिझाबेथ) वाचली. आणखी काही अपत्ये लहानपणीच गेली.

फेरीवर असताना ओकॉनल पत्नीला सतत पत्रे लिहीत आणि ही पत्रे मोठ्या संख्येने टिकली आहेत. त्यांत खटल्यांचे निकाल, मिळालेली फी, मुलांचे खोकले व दात, घरभाडे, देणेकऱ्यांचे तगादे हे सगळे एकाच दमात येते. मेरी यांची उत्तरे तितकीच स्पष्ट आहेत. खर्चाबद्दल त्या नवऱ्याला बजावत. ओकॉनल यांचा हात सढळ होता. मित्राला जामीन राहून ते मोठ्या कर्जात बुडाले आणि त्यातून आयुष्यभर पुरते वर आले नाहीत. काटकसरीसाठी १८२२ नंतर मेरी व मुलांना काही काळ फ्रान्समध्ये राहावे लागले. ओकॉनल यांच्या वैवाहिक निष्ठेबद्दल विरोधकांनी आरोप केले. ते सिद्ध झालेले नाहीत. मेरी यांचे ३१ ऑक्टोबर १८३६ रोजी डेरिनेन येथे निधन झाले.

धर्मनिष्ठा : तारुण्यात पेन, गॉडविन या विचारवंतांच्या वाचनाने त्यांचा चर्चवरील विश्वास ढळला होता व काही वर्षे ते निसर्गधर्मवादी होते. १८०९ च्या सुमारास ते नियमित मिस्सा व प्रार्थनेकडे वळले. मेरी यांच्या पत्रांत त्याबद्दलचा आनंद दिसतो. पुढे उपवासकाळ ते इतका कडक पाळू लागले की प्रकृतीच्या काळजीने मेरींनाच त्यांना आवरावे लागे. १ फेब्रुवारी १८१५ रोजी डब्लिन महापालिकेचे सदस्य जॉन डेस्टेर यांच्याशी झालेल्या द्वंद्वात ओकॉनल यांची गोळी लागून डेस्टेर मृत्यू पावले. या पापाचा सल त्यांना शेवटपर्यंत होता. मृताच्या मुलीला त्यांनी दीर्घकाळ वर्षासन दिले आणि पुन्हा कधी द्वंद्व केले नाही. कम्युनियन घेताना ते उजव्या हातात काळा हातमोजा घालत, अशी आख्यायिका आहे. १८३८ मध्ये माउंट मेलरे येथील ट्रॅपिस्ट मठात त्यांनी एकांतसाधना केली. ही निष्ठा स्वधर्मीयांपुरती नव्हती : ज्यूंना समान हक्क मिळावेत यासाठी त्यांनी आवाज उठवला, गुलामगिरीचा धिक्कार केला, आणि अमेरिकेतील देणगीदार दुखावतील याची पर्वा केली नाही. गुलामगिरीविरोधी लढ्याचे अमेरिकन नेते फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ मध्ये डब्लिनमध्ये त्यांचे भाषण ऐकले.

सार्वजनिक कार्य : १८२३ मध्ये कॅथलिक असोसिएशनची स्थापना. पुढल्या वर्षी दरमहा एक पेनी वर्गणीची योजना सुरू झाली; धर्मगुरूंच्या मदतीने ती गरिबातल्या गरीब कुळापर्यंत पोहोचली. १८२८ मध्ये क्लेअरच्या पोटनिवडणुकीत ओकॉनल २,०५७ विरुद्ध ९८२ मतांनी निवडून आले. कॅथलिक असल्याने त्यांना शपथ घेता येत नव्हती. तरी त्यामुळे सरकारपुढे पेच उभा राहिला व एप्रिल १८२९ मध्ये कॅथलिक मुक्तीचा कायदा झाला. त्याच वेळी मताधिकाराची मर्यादा ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर नेली गेली, आणि ज्या लहान कुळांनी त्यांना निवडून दिले त्यांचेच मत गेले. ही किंमत त्यांनी टाळायला हवी होती, हा आक्षेप रास्त आहे. १८४१ मध्ये ते डब्लिनचे लॉर्ड मेयर झाले.

ब्रिटनशी झालेले १८०० चे एकीकरण रद्द करण्यासाठी १८४३ मध्ये त्यांनी टारा व इतरत्र विराट सभा घेतल्या. क्लॉन्टार्फची ८ ऑक्टोबरची सभा सरकारने आदल्या दिवशी बंद केली, तेव्हा रक्तपात टाळण्यासाठी त्यांनी ती मागे घेतली. तरीही कटाच्या आरोपावरून १८४४ मध्ये त्यांना एक वर्षाची कैद झाली. ज्यूरीच्या यादीतून कॅथलिकांची नावे गळाली होती. सुमारे तीन महिन्यांनी हाउस ऑफ लॉर्ड्सने शिक्षा रद्द केली. सुटकेबद्दल कृतज्ञता म्हणून त्यांनी डेरिनेनच्या घराला प्रार्थनामंदिर जोडले. १८४६ मध्ये एकीकरणविरोधी चळवळीतून यंग आयर्लंड गट फुटून निघाला.

अखेर : दुष्काळात देश होरपळत असताना फेब्रुवारी १८४७ मध्ये, आवाज जेमतेम ऐकू येत असतानाही, त्यांनी संसदेत मदतीची याचना केली. रोमच्या यात्रेला निघाले असता जेनोआ येथे निधन. इच्छेनुसार हृदय रोमला नेण्यात आले व देह डब्लिनच्या ग्लॅसनेव्हिन दफनभूमीत पुरला. ही सर्वधर्मीयांना खुली दफनभूमी त्यांच्याच प्रयत्नाने १८३२ मध्ये सुरू झाली होती.

पत्रव्यवहार : पणतूच्या पिढीनंतरचे वंशज मॉरिस ओकॉनल यांनी संपादित केलेले आठ खंड १९७२ ते १९८० दरम्यान प्रसिद्ध झाले. ओकॉनल यांच्या गृहजीवनाची माहिती प्रामुख्याने याच खंडांतून मिळते.

स्मारके : डब्लिनमधील सॅकव्हिल स्ट्रीटला १९२४ पासून ओकॉनल स्ट्रीट हे नाव.