टनाचा हिशेब : उन्हातून गारवा मिळवण्याचा इतिहास

वातानुकूलन यंत्राची क्षमता टनात सांगण्याची रूढी मुंबई-पुण्याच्या बाजारात इतकी अंगवळणी पडली आहे की, ‘दीड टनाचा एसी’ मागणाऱ्या गिऱ्हाइकाला किंवा तो दाखवणाऱ्या विक्रेत्याला त्या टनामागे बर्फाचे वजन आहे याची आठवण क्वचितच होते. सुमारे ९०७ किलो, म्हणजे अमेरिकी मापाचा एक टन बर्फ चोवीस तासांत वितळण्यासाठी जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता तेवढ्याच वेळात खोलीबाहेर काढण्याची शक्ती म्हणजे ‘एक टन’. आजच्या मापात ती साडेतीन किलोवॉट भरते. हे माप ज्या काळात रूढ झाले त्या काळी गारवा ही तयार करण्याची नव्हे, तर साठवून ठेवण्याची आणि वजनावर विकण्याची वस्तू होती. महावितरणच्या तारेशी संबंध न ठेवता केवळ छतावरील सौर पॅनेलांवर घर थंड ठेवू पाहणाऱ्याला आज जी अडचण पडते तीही मुळात साठवणीचीच आहे, आणि म्हणून या अगदी नव्या वाटणाऱ्या खटाटोपाचा इतिहास बराच मागे जातो.

दख्खनच्या पठारावरील जुन्या घरबांधणीत ही साठवण भिंतीत होत असे. वाड्यांच्या दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-विटांच्या आणि पांढऱ्या मातीच्या भिंती, मधला चौक, आणि मराठवाडा-सोलापूर भागातील माळवद, म्हणजे लाकडी तुळया व फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छप्पर, या सर्वांचे काम एकच होते. दुपारच्या उन्हाची उष्णता अशा भिंतीतून आत पोहोचेपर्यंत दहा तासांहून अधिक वेळ जातो आणि तोवर बाहेर रात्र पडून हवा उतरलेली असते. मग चौकातील हलकी गरम हवा वर निघून जाते, मोकळ्या आकाशाकडे उष्णता टाकून भिंती निवतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो गारवा पुरवून वापरला जातो. उन्हाळ्यात घरातील माणसे रात्री माळवदावर झोपत, त्यामुळे भिंतीतून उशिरा आत येणाऱ्या उष्णतेचा त्रास त्यांना होत नसे. दारांना वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी शिंपडणे, संध्याकाळी अंगणात सडा घालणे, रांजण सावलीत ओल्या वाळूवर ठेवणे या गोष्टी बाष्पीभवनाच्या तत्त्वावर, म्हणजे पाणी सुकताना आसपासची उष्णता ओढून घेते या गुणावर चालत. विदर्भातील घरोघरी दिसणारा कूलर हा त्याच ताटीचा विजेवर चालणारा वारस आहे. मुंबई आणि कोकणात मात्र हवेतच ओल इतकी असते की पाणी पुरेसे सुकत नाही, आणि रात्रही फारशी उतरत नाही. तिथे ताटी आणि जाड भिंत दोन्ही लंगडी पडतात. बाहेरून आणलेल्या गारव्याची गरज मुंबईला पुढे इतकी भासली, याचे कारण या हवामानात आहे.

तो गारवा आला अमेरिकेतून. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने न्यू इंग्लंडमधील तळ्यांवर हिवाळ्यात गोठलेला बर्फ करवतीने चौकोनी लाद्यांत कापून, लाकडाच्या भुशात दाबून जहाजाने उष्ण देशांत पाठवण्याचा धंदा उभारला होता. १८३३ साली ‘टस्कनी’ या जहाजातून सुमारे १८० टन बर्फ कोलकात्याकडे निघाला आणि चार महिन्यांच्या, दोनदा विषुववृत्त ओलांडणाऱ्या प्रवासानंतरही त्यातील निम्म्याहून अधिक माल शाबूत पोहोचला. पुढच्याच वर्षी मुंबईतही अमेरिकी बर्फ उतरला आणि पुढे कोट भागात गोदीजवळ त्यासाठी जाड भिंतींचे बर्फघर उभे राहिले. अमेरिकी लेखक थोरो याने ‘वॉल्डन’ या पुस्तकात आपल्या तळ्यावरील बर्फकापणीच्या संदर्भात मद्रास, मुंबई व कोलकात्याची नावे घेतली आहेत ती याच व्यापारामुळे. या धंद्यातील खरी कारागिरी भुशात होती, कारण भुशाच्या कणांमध्ये अडकलेली हवा उष्णतेला आत येऊ देत नाही. मॅसॅच्युसेट्सचा जानेवारी मुंबईच्या मे महिन्यापर्यंत जपून आणण्याचे श्रेय त्या टाकाऊ भुशाला द्यावे लागते. १८७० च्या दशकाच्या अखेरीस भारतातच यंत्राने बर्फ तयार होऊ लागला आणि हा व्यापार ओसरला.

नेमक्या त्याच सुमारास उन्हाचा उपयोग इंधनासारखा करण्याचे दोन महत्त्वाचे प्रयोग झाले आणि त्यांपैकी एक मुंबईत झाला. विल्यम ॲडम्स हे मुंबई उच्च न्यायालयात उपनिबंधक होते. विलायतेतून येणारा कोळसा महाग, जळाऊ लाकूड दिवसेंदिवस दुर्मीळ, आणि ऊन मात्र वर्षातले आठ महिने विनामूल्य, ही विसंगती त्यांना खटकली. फ्रान्समधील गणिताचे शिक्षक ओग्युस्तँ मूशो यांनी चांदीचा मुलामा दिलेल्या शंकूच्या आकाराच्या परावर्तकाने वाफ तयार केल्याचे त्यांना ठाऊक होते. परंतु तो वक्र पत्रा खर्चिक आणि मोठ्या आकारात करण्यास अवघड असल्यामुळे ॲडम्स यांनी साधे, सपाट आरसे निवडले. सुमारे १७ इंच लांब आणि १० इंच रुंद अशा अनेक आरशांचे तुकडे लाकडी चौकटीत थोड्या थोड्या कोनाने बसवून सर्वांचे कवडसे एकाच ठिकाणी पाडायचे, बाष्पक म्हणजे पाणी उकळण्याची टाकी जागच्या जागी ठेवायची आणि सूर्य जसा सरकेल तशी आरशांची चौकट तिच्याभोवती फिरवायची, अशी ती रचना होती. मध्य कुलाब्यातील आपल्या बंगल्याच्या आवारात त्यांनी या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखवला. आठ बाजूंच्या, आतून आरसे लावलेल्या एका पेटीत त्यांनी सात सैनिकांचा शिधा जानेवारीच्या उन्हात दोन तासांत शिजवल्याचीही नोंद आहे. उष्ण कटिबंधातील देशांत उन्हाने इंधनाची जागा घ्यावी असा आग्रह धरणारे त्यांचे पुस्तक १८७८ साली मुंबईतच छापले गेले. अनेक सपाट आरशांचा प्रकाश एका स्थिर बाष्पकावर आणण्याची त्यांची युक्ती आज मनोऱ्यावर चालणाऱ्या प्रचंड सौर वीजकेंद्रांत वापरली जाते. इतका महत्त्वाचा प्रयोग मराठी वाचकाच्या घराशेजारी होऊनही विज्ञानाच्या आपल्या पाठ्यपुस्तकांतून तो जवळजवळ अनुपस्थित आहे, ही उणीव भरून काढण्याजोगी आहे.

दुसरा प्रयोग त्याच १८७८ सालचा, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातला. मूशो यांनी आपल्या परावर्तकाची वाफ फेर्दिनां कारे यांच्या शीतकरण यंत्राला जोडून भर उन्हात बर्फाची लादी तयार केली. कारे यांचे यंत्र शोषणाच्या तत्त्वावर चाले : अमोनिया हा वायू पाण्यात सहज विरघळतो, ते द्रावण तापवले की अमोनिया वेगळा होतो, दाबाखाली थंड केल्यावर त्याचा द्रव बनतो, तो द्रव पुन्हा वायू होताना भोवतालची उष्णता खेचून घेतो आणि त्यानंतर पाणी त्याला परत शोषून घेते. या चक्रात हलणारे भाग थोडे आणि लागते ती मुख्यतः उष्णता, म्हणून सूर्याशी त्याची जोडी नैसर्गिक होती. जितके ऊन कडक तितका बर्फ अधिक, हे समीकरण त्या दिवशी सिद्ध झाले. पण फ्रान्समध्ये कोळसा स्वस्त होत गेला आणि सरकारी पाहणीत हे यंत्र परवडणारे नसल्याचा निष्कर्ष निघाल्यावर मूशो यांच्या कामाचा आधारच गेला.

त्यानंतर गारवा तारेला बांधला गेला. विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतील ओल काबूत ठेवणारी यंत्रणा आखली, ती माणसांसाठी नव्हे तर दमट हवेत फुगणाऱ्या कागदासाठी. १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली, १९३३ मध्ये कुलाब्याजवळचे रीगल चित्रपटगृह वातानुकूलित म्हणून उघडले, १९४३ मध्ये ब्लू स्टार आणि १९५४ मध्ये व्होल्टास या कंपन्या मुंबईत स्थापन झाल्या आणि शतकाच्या अखेरीस खिडकीतला एसी मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. या सर्व काळात साठवणीचा विचार कोणालाच करावा लागला नाही, कारण तारेच्या दुसऱ्या टोकाला कोळशाचे ढीग आणि धरणांचे पाणी साठवलेले होतेच.

व्होल्टासच्या स्थापनेच्याच वर्षी, एप्रिल १९५४ मध्ये, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौर घट जगापुढे ठेवला. पडणाऱ्या उन्हापैकी सहा टक्के ऊर्जेचे तो थेट विजेत रूपांतर करी. घरच्या छतावर परवडण्याइतका तो स्वस्त होण्यास अर्धे शतक लागले. दरम्यान महाराष्ट्रात २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांनी घराघरांत इन्व्हर्टर आणि बॅटरी नेऊन ठेवली. त्या संचावर दोन ट्यूबलाइट, दोन पंखे आणि टीव्ही चालत असे. एसी मात्र चालत नसे, आणि त्याची दोन कारणे होती. पहिले म्हणजे जुन्या पद्धतीचा काँप्रेसर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट विद्युतप्रवाह ओढतो आणि त्या झटक्याने छोटा इन्व्हर्टर बंद पडतो. ही अडचण जपानमध्ये १९८० च्या दशकाच्या आरंभी निघालेल्या, काँप्रेसरचा वेग हळूहळू वाढवणाऱ्या ‘इन्व्हर्टर एसी’ने सोडवली. दुसरे कारण साठवणीचे, आणि ते अधिक खोल आहे. शयनगृहातील एक टनाचे चांगले यंत्र रात्रभरात साधारण पाच युनिट वीज घेते असे धरले, तर महाराष्ट्रात दिवसाला चार ते पाच युनिट देणारे एक किलोवॉटचे पॅनेल ढोबळमानाने पुरे पडावे. पण ते पाच युनिट दुपारी तयार होतात आणि रात्री लागतात. भारनियमनाच्या काळातली १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी नावापुरते १.८ युनिट साठवते, आणि ती टिकावी असे वाटत असेल तर त्यातले निम्मेच वापरता येतात. म्हणजे एका खोलीच्या एका रात्रीसाठी अशा सहा बॅटऱ्या मांडाव्या लागतात, आणि आषाढातल्या सलग ढगाळ दिवसांत त्या भरतही नाहीत. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीने, जी जवळजवळ पूर्ण रिकामी करता येते आणि हजारो वेळा भरता येते, हे ओझे पुष्कळ हलके केले असले तरी वीजजाळ्याबाहेरच्या घरात मोठा खर्च अजूनही उन्हाचा नसून रात्रीचाच असतो.

या खर्चाचे प्रमाण जुन्नर तालुक्यातील दरेवाडीकडे पाहिले म्हणजे नीट समजते. तारा न पोहोचलेल्या या वाडीत २०१२ साली ९.४ किलोवॉटचा सामुदायिक सौर संच बसवण्यात आला आणि त्यावर सुमारे चाळीस घरे उजळली. तेवढ्या पॅनेलांवर शहरातील जेमतेम आठ-नऊ शयनगृहेच रात्रभर थंड राहिली असती. म्हणून विजेच्या बॅटरीला पर्याय शोधण्याचे प्रयत्न महत्त्वाचे ठरतात. लशी ठेवण्यासाठी वापरली जाणारी काही सौर शीतकपाटे बॅटरी न वापरता दिवसा उन्हावर बर्फ गोठवतात आणि रात्र त्या बर्फावर काढतात. ट्यूडरची युक्तीच तिथे एका पेटीत परतली आहे. कारे यांचे शोषणचक्रही संपलेले नाही. पुण्याच्या थरमॅक्स कंपनीने हरियाणातील केंद्र सरकारच्या सौर ऊर्जा केंद्रात उन्हाच्या उष्णतेवर चालणारी १०० किलोवॉटची शीतकरण यंत्रणा २०११ मध्ये उभारली. मोठ्या इमारतींसाठी तो मार्ग खुला आहे, घरासाठी मात्र त्याचा पसारा झेपत नाही.

घरासाठी सर्वांत जुनी साठवण अजूनही सर्वांत स्वस्त आहे, आणि नेमकी तीच आज उलटी काम करते. चार-पाच इंच जाडीचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते मध्यरात्रीपर्यंत खालच्या खोलीत ओतत राहतो. पॅनेल निजल्यानंतर बॅटरीला जे ओझे ओढावे लागते त्यातला मोठा वाटा या स्लॅबचा असतो. त्याला चुन्याचा पांढरा हात दिला, वर पॅनेलांचीच सावली पाडली, पश्चिमेची भिंत झाडाने किंवा पडवीने झाकली, तर काही बॅटऱ्यांची गरजच उरत नाही. पठारावरच्या गावांना माळवदाचे आणि चौकाचे गणित याहून पुढे नेऊ शकेल. पण ते गणित मांडण्यासाठी लागणारी मापे दर वर्षी पाडल्या जाणाऱ्या वाड्यांबरोबर नाहीशी होत आहेत. ज्यांच्या गावात असा वाडा अजून उभा आहे त्यांनी तो पडण्याआधी भिंतींची जाडी, मातीच्या थराची उंची, चौकाची लांबी-रुंदी आणि मे महिन्यातील दुपारचे व पहाटेचे आतले-बाहेरचे तापमान लिहून ठेवावे, आणि ती वही जवळच्या वास्तुरचना महाविद्यालयाकडे सोपवावी.